क्रमांक तीनचे डोहाळे

निंबखळच्या शेडगे पेट्रोल पंपावरची निरीक्षण विहीर क्रमांक तीन गरोदर असल्याचं मार्चच्या दुसऱ्या सोमवारी उघड झालं, आणि त्या दिवशीच्या तक्त्यात शेऱ्याच्या रकान्यात मी तशी नोंद केली.

निरीक्षण विहीर म्हटल्यावर कठडा, रहाट, शेजारी पिंपळ असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. ही विहीर म्हणजे जमिनीत साठ फूट उतरवलेला चार इंची पाइप. दोन फूट वर डोकावतो, त्याला झाकण आणि झाकणाला कुलूप. पंपाच्या जमिनीखाली पेट्रोल-डिझेलच्या टाक्या पुरलेल्या असतात. त्या गळायला लागल्या तर वरच्या माणसाला पत्ता लागत नाही, खालच्या पाण्याला आधी लागतो. म्हणून टाक्यांभोवती अशा चार विहिरी घेतलेल्या आहेत. एक नंबर चढाला, जिकडून पाणी येतं. दोन आणि तीन टाक्यांना खेटून. चार नंबर उताराला, आणि तिच्यापुढे तीनशे पावलांवर गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर. मी भूजल खात्यातला तपासनीस, उपळेकर. दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी एसटीनं येतो आणि चौघींचं पाणी तपासायला नेतो. या विहिरी खात्याच्या यंत्रानं खोदल्या त्या दिवसापासून, म्हणजे अकरा वर्षं.

या कामाला सोवळं लागतं. नमुना घ्यायच्या दिवशी गाडीत पेट्रोल भरायचं नाही, म्हणून तर एसटी. डोक्याला तेल नाही, अंगाला पावडर नाही, दाढीला सुवासिक साबण नाही, कारण पाणी भलतं नाजूक असतं, कुठलाही वास उचलतं. माझ्या दोन सोयरिकी सोमवारी बघायला गेल्यामुळे मोडल्या. मला त्याचं वाईट वाटत नाही, त्या दोन्ही सोमवारचे नमुने उत्तम निघाले होते.

आधी शेपटाला भोंगा असलेली फीत पाइपात सोडायची. पाण्याला टेकली की ती थांबून थांबून वाजते, पेट्रोलच्या तवंगाला टेकली की एकसारखी ओरडते. मग आतलं शिळं पाणी उपसून टाकायचं, बारीक पोहऱ्यानं ताजं काढायचं, बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या काठोकाठ भरायच्या, झाकण लावून उलट्या करायच्या आणि टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर बाटली बाद. प्रयोगशाळेतल्या पाध्येबाई मोहरीएवढा बुडबुडाही हेरतात आणि बाटली पोस्टानं परत पाठवतात. शिवाय बर्फाच्या पेटीत एक कोरी बाटली असते. तिच्यात प्रयोगशाळेतलं निखळ शुद्ध पाणी भरलेलं असतं. ती कुणी उघडत नाही. ती बिचारी माझ्याबरोबर निंबखळला येते, सगळं बघते आणि परत जाते. वाटेत काही बाधलं नाही, एवढंच सिद्ध करायचं तिचं काम.

सगळं झालं की तक्ता भरायचा. त्यात शेवटचा रकाना आहे, 'नमुना घेणाऱ्याचे विहिरीशी नाते'. तिथे मी अकरा वर्षं 'नाही' लिहीत आलो होतो.

तर मार्च. उन्हाळा लागल्यावर बाकीच्या तिघींची पातळी रीतीप्रमाणे खाली गेली होती. तीन नंबरची दोन फूट वर आली होती. मी कुलूप काढलं तेवढ्यात तिला भडभडून आलं आणि ओंजळभर पाणी पाइपाच्या काठावरून माझ्या बुटांवर पडलं. पंपाच्या मालकीणबाई, शालनकाकी शेडगे, ऑफिसच्या पायरीवर बसून हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, गेले पंधरा दिवस रोज सकाळी हेच चाललंय, दुपारनंतर बरी असते. त्यांनी आधीच उपकेंद्रातल्या रजियासिस्टरला निरोप धाडला होता.

रजिया मुलाणी ही निंबखळची परिचारिका. तीन गावांची बाळंतपणं तिच्या हातून झालेली, त्यामुळे तिला कशाचंच आश्चर्य वाटत नाही. तिनं छाती तपासायची नळी पाइपाच्या काठावर टेकवली, डोळे मिटले, मनगटावरच्या घड्याळाशी मेळ घातला आणि सांगितलं की दोन ठोके आहेत, एक आईचा सावकाश, एक बारीक आणि घाईचा. दुसरा महिना सरत आलाय. मग तिनं रजिस्टर उघडलं. वजनाच्या रकान्यात पाण्याची पातळी लिहिली. पतीच्या नावापाशी ती थांबली, पण गावानं ते केव्हाच ठरवून टाकलं होतं. वरच्या अंगाला पाझर तलाव आहे, मागच्या उन्हाळ्यात त्याचा गाळ काढल्यापासून तो भलताच पाझरायला लागला होता. तलाव सरकारी असल्यामुळे कागदोपत्री अडचण आली नाही. लोहाच्या गोळ्या द्यायला मात्र मी हरकत घेतली, कारण त्या पृथक्करणात दिसतील. सिस्टरनं पाण्याचा मुरमी तांबूस रंग पाहिला आणि लोह भरपूर आहे असं लिहून रजिस्टर मिटलं.

शालनकाकींचा आनंद काय सांगू. साठीची बाई, तीन मुलगे, तिघेही शहरात, आणि तिन्ही सुनांनी नातवंडाचा विषय काढायची बंदी घातलेली. घरचा पाळणा सत्तावीस वर्षं माळ्यावर पडून होता. विहीर त्यांच्या जमिनीत नांदत होती, तेव्हा सासूपण आपसूक त्यांच्याकडे आलं. त्यांनी त्याच दिवशी पाइपाभोवती सावलीला ताडपत्री बांधली आणि टँकरवाल्यांना हॉर्न वाजवायची मनाई केली.

मे महिन्यात मी फीत सोडली आणि ती एकसारखी ओरडली.

अकरा वर्षांत ती तशी ओरडली नव्हती. पोहरा वर काढला तर पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग. पेट्रोलचा वास असा, की चिठ्ठीवर वेगळं लिहायची गरज नाही. मी वळून पाहिलं तर शालनकाकी पदरानं एक स्टीलची वाटी पुसत होत्या. आणि मग त्यांनीच, मी न विचारता, मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं. विहिरीला डोहाळे लागले होते. पहिल्यांदा त्यांनी दोऱ्याला बांधून चिंच सोडली, तिनं तोंड फिरवलं, पाणी वीतभर खाली गेलं. कैरीलाही तेच. पण गुरुवारी पेट्रोलचा टँकर खाली व्हायला आला, नळी जोडली, वास सुटला, आणि पाणी चार फूट वर चढून पाइपाच्या काठाशी येऊन थांबलं. टँकर जाईपर्यंत हललं नाही. तेव्हापासून दर गुरुवारी त्या तिला वाटीभर पेट्रोल घालत होत्या.

माझं डोकं सटकलं. मी त्यांना फाडफाड बोललो. तळहातावर मावेल एवढं पेट्रोल अख्ख्या आडाचं पाणी नासवतं, उताराला गाव पाणी पितंय, आणि ज्या विहिरीनं राखण करायची तिलाच तुम्ही पाजताय, असं सगळं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, दोन जिवाची हाय ती," त्या म्हणाल्या. "तिनं तोंड उघडून मागितलं तर न्हाई म्हनायचं? उद्या बाळाचं कान फुटलं तर तुमी येनार हाय का बघायला?"

डोहाळे पुरवले नाहीत तर मुलाचे कान फुटतात, हे माझ्या आईकडून मीही ऐकलेलं होतं. त्यामुळे मी उपकेंद्रात निरोप धाडला. निकाल रजियासिस्टरनं दिला. ती म्हणाली, दुसऱ्या खेपेला मलाही रॉकेलचे डोहाळे होते, मी रोज स्टोव्हशी जाऊन नाक लावून बसायचे, पण म्हणून रॉकेल पीत नव्हते. डोहाळा वासाचा असतो. वास द्या, घोट नको. मी ताबडतोब तक्त्यात 'वासावर भागवणे' अशी उपाययोजना लिहिली. त्या दिवसापासून शालनकाकी रोज सकाळी तळाशी बोटभर पेट्रोल असलेला डबा पाइपाच्या तोंडाशी धरायच्या आणि वीसपर्यंत आकडे मोजायच्या. मध्येच कुणी गिऱ्हाईक बोललं तर पुन्हा एकपासून.

आम्ही विहीर उपसून उपसून तवंग काढला. जूनमध्ये पेट्रोलचा आकडा निम्म्यावर आला, जुलैच्या सुरुवातीला त्याच्याही निम्म्यावर. मी खुशीत होतो. पण मग तो तिथेच बसला. थोडासाच, पण हटेना. कोरी बाटली नेहमीप्रमाणे कोरी, म्हणजे वाटेत काही बाधलेलं नव्हतं. वाटीनं घातलेलं केव्हाच निघून गेलं होतं. मग हे कुठलं?

मी पुण्याला वरिष्ठ भूवैज्ञानिक नाफडे साहेबांना सविस्तर लिहिलं. साहेबांचं उत्तर दहा दिवसांत आलं. अशी प्रकरणं विरळ असली तरी नवीन नाहीत आणि खात्याचं त्याबाबत जुनं परिपत्रक आहे, असं म्हणून त्यांनी प्रत जोडली होती. त्यातलं तिसरं कलम मी इथे उतरवून देतो, कारण पुढचं सगळं त्यावर घडलं.

'गर्भवती निरीक्षण विहिरीच्या पाण्यात आढळणारे पेट्रोल हे डोहाळ्यांपोटी असल्याचे मानावे व त्यास गळती समजू नये. तथापि डोहाळजेवण झाल्यावर डोहाळे पुरे झाले असे समजून, त्यानंतर आढळणारे पेट्रोल ही टाकीची गळती समजावी व टाकी उकरावी. डोहाळजेवणाचा दिवस सासरच्या मंडळींनी आपल्या सोयीने ठरवावा.'

परिपत्रक लिहिणारा माणूस घरसंसाराचा अनुभवी असावा. पण शेवटच्या वाक्यात त्यानं घोटाळा करून ठेवला होता. शालनकाकींनी डोहाळजेवण केलं नाही तर जगातलं कुणी त्यांच्या टाकीला हात लावू शकत नव्हतं. आणि टाकी उकरायची म्हणजे गणपतीपासून पुढे पंप बंद, अख्खं अंगण खणून काढायचं, गावभर चर्चा. उलट टाकी गळत असेल आणि तशीच राहिली, तर ऑक्टोबरात जन्माला येणारं पाणी अंगात पेट्रोल घेऊनच येणार. झालेल्या पाण्याला नंतर धुता येत नाही. हे मी काकींना स्वच्छ सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मला चहा दिला.

मग सबबी सुरू झाल्या. आधी आषाढ, त्यात शुभकार्य करत नाहीत. श्रावण लागला तर धाकट्या सुनेला सुट्टी नाही. मग पावसानं मांडव घालता येत नाही. सातवा महिना सरत चालला होता आणि आठव्यात डोहाळजेवण कुणी करत नाही. मला काकींचा राग येत होता, आणि राग येतोय याचंही नवल वाटत होतं. अकरा वर्षांत मी कुठल्याही नमुन्याचा राग-लोभ धरला नव्हता. माझी वारी महिन्याला एक, पण त्या महिन्यात मी चार वेळा निंबखळला गेलो. खात्याला सांगितलं, पातळी मोजायची आहे.

चौथ्या खेपेला काकी मला टाकीपाशी घेऊन गेल्या. टाकीत तेल किती आहे ते बघायला पंपावर एक लांब पितळी काठी असते, तिला डिप म्हणतात. ती रोज सकाळी बुडवायची आणि वहीत लिहायचं. विकलेलं तेल आणि काठीवरचं तेल यांत रोज थोडी तूट यायची, शेडग्यांच्या वहीत ती कित्येक महिने येत होती, आणि काकी दर वेळी पुढे 'उन्हाने' असं लिहीत होत्या. त्यांनी वहीचं ताजं पान मला दाखवलं. मग त्या तीन नंबरपाशी जाऊन ओल्या सिमेंटवर बसल्या आणि पाइपावर हात ठेवला. आतून कुणीतरी टकटक केलं. झाकण किंचित उचललं गेलं आणि खाली बसलं. पोर लाथा मारत होतं.

काकींचा हात तसाच होता.

"तेल उन्हानं उडतंय म्हनत आले, साहेब," त्या म्हणाल्या. "पन गेला म्हैनाभर ऊन कुटं पडलंय? पावसाळ्यातबी उडतंय." त्यांनी डोळे पुसले. "काढा मुहूर्त. सातवा सरायच्या आत."

सातवा सरायला आठ दिवस होते. मी नाफडे साहेबांना तार केल्यासारखं पत्र लिहिलं. त्यांनी उलट टपाली कळवलं, की सदर विहीर खात्याच्या यंत्राने खोदलेली असल्याने खाते हे तिचे माहेर समजण्यास हरकत नाही, हिरवी साडी माहेरची असते, तरी उपळेकर यांनी ती घेऊन भावाच्या नात्याने उपस्थित राहावे व समारंभानंतर लगेच नमुना घ्यावा. मला सख्खी बहीण नाही. साडीच्या दुकानात मी पहिल्यांदाच गेलो आणि दुकानदारानं 'कुणासाठी' विचारल्यावर बहिणीसाठी म्हणालो. ते म्हणताना मला फार बरं वाटलं. घरी आणून साडी तीन वेळा साध्या पाण्यात धुतली, खळ उतरायला हवी होती.

समारंभाचे नियम मी दोन दिवस आधी पंपाच्या भिंतीवर लावले होते. गजरा नाही, अत्तर नाही, केसांना तेल नाही, नखांना रंग नाही, उदबत्ती नाही. दिवा तर पेट्रोल पंपावर चालतच नाही. गावातल्या बायका कुरकुरतील असं वाटलं होतं, पण बेचाळीस जणी आल्या, सगळ्यांचे केस कोरडे आणि भुरभुरलेले. एकमेकींकडे बघून त्या इतक्या हसत होत्या, की कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू झाला. पाइपाला साडी नेसवली. चार इंची पाइपाच्या मापाची बांगडी कासाराकडे निघेना, म्हणून हिरव्या बांगड्या कुलपाच्या कडीत अडकवल्या. न पेटवलेल्या निरांजनानं ओवाळलं. ओटी भरायची वेळ आली तेव्हा मी मध्ये पडलो, तांदूळ आणि नारळ झाकणाबाहेरच राहतील असं बजावलं, आणि साडीचा पदर पाइपाच्या पायथ्याशी पसरून त्यात ओटी भरली. डोहाळ्यांची गाणी झाली. गाण्याला वास नसतो, त्यामुळे ती हवी तेवढी म्हणू दिली.

मग दोन झाकलेल्या वाट्या आणल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. गरोदर बाईनं न बघता एक निवडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. रजियासिस्टरनं एकेक वाटी झाकणापाशी नेली. पहिलीला आत शांत. दुसरीला आतून अशी टकटक झाली, की बांगड्या किणकिणल्या. वाटी उचलली. बर्फी होती. बायकांनी जो कल्ला केला तो फाट्यावरच्या एसटीतून उतरलेल्या माणसांनाही ऐकू गेला, आणि त्यांतली निम्मी जेवायला आली.

जेवणं व्हायच्या आधी मी नमुना घेतला. शिळं पाणी उपसलं, पोहरा सोडला, बाटली काठोकाठ भरली, उलटी केली, टिचकी मारली. बेचाळीस बायका श्वास धरून बघत होत्या. बुडबुडा नव्हता.

आठव्या दिवशी पाध्येबाईंचा अहवाल आला. आकडा तिथेच होता, तसूभर कमी नाही. डोहाळे पुरे झाले होते, म्हणजे जे उरलं ते टाकीचं. मी अहवाल घेऊन निंबखळला गेलो. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होतो, पण त्याची गरज पडली नाही. काकींनी पंपाच्या दोन्ही तोंडांना साखळी घातली होती आणि खडूनं फळ्यावर लिहिलं होतं, 'बाळंतपणासाठी पंप बंद आहे. गिऱ्हाइकांनी समजून घ्यावे.'

गिऱ्हाइकांनी समजून घेतलं. क्रेन आली. पेट्रोलची टाकी आधी रिकामी केली, वाफ काढली आणि मग ती एकतीस वर्षांनी उजेडात आली, हत्तीण चिखलातून उठावी तशी. पोटाखाली सांध्याच्या कडेला मोहरीएवढं भोक होतं. काकी वाकून बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, एवढंसं. टाकीखालची वास मारणारी माती ट्रकनं परवानगी असलेल्या ठिकाणी रवाना केली. डिझेलची टाकी ठणठणीत निघाली. मग पाच आठवडे आम्ही तीन नंबरचं पाणी हळूहळू उपसून कोळशातून गाळत राहिलो. या काळात तिला ताण पडू नये म्हणून उपशाची मोटर रजियासिस्टरच्या सल्ल्यानं चालवली, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, दुपारी विश्रांती. आकडा उतरत गेला. सप्टेंबरअखेर तो जेमतेम दिसण्याइतका होता.

कळा ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी सुरू झाल्या. मी नमुन्यासाठी आलेलोच होतो. झाकणाची टकटक आधी दहा मिनिटांनी, मग पाच, मग सलग. सिस्टरनं मला बाहेर जायला सांगितलं. आम्ही उघड्यावरच होतो, म्हणून मी पाठ फिरवून उभा राहिलो. शालनकाकी पाइप धरून तिला धीर देत होत्या, म्हणत होत्या, झालं गं बाई, आता झालंच. मग बराच वेळ काही नाही. आणि मग माझ्या समोर, जिथून टाकी काढली होती त्या मोकळ्या खड्ड्याच्या तळाशी, काळ्या खडकाची एक चीर ओली झाली. ओल वाढली. आधी थेंब, मग दोराएवढी धार, आणि तिचा आवाज असा बारीक आणि तक्रारीचा, की काकींनी मागे वळूनही न बघता सांगितलं, पोरगी आली.

सिस्टरनं धारेखाली घागर धरली, घड्याळ पाहिलं आणि रजिस्टरात लिहिलं, वजन, मिनिटाला एक घागर. दोघी सुखरूप.

नमुना मलाच घ्यायचा होता. मी खड्ड्यात उतरलो, बाटली धारेखाली धरली, झाकण लावलं, उलटी केली. बुडबुडा. ती बाद केली, दुसरी भरली. पुन्हा बुडबुडा. अकरा वर्षांत माझ्या हातून लागोपाठ दोन बाटल्या कधी बाद झालेल्या नव्हत्या. काकी वरून म्हणाल्या, सावकाश, तिला कुटं घाई हाय. तिसरी साधली. ती मी कोऱ्या बाटलीशेजारी बर्फात ठेवली आणि मांडीवर पेटी घेऊन पुण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत गेलो.

पाच दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तीन नंबरचा आकडा जेमतेम का होईना होता. आईच्या अंगात जेमतेम असलेलं लेकीत किती उतरतं, याबद्दल परिपत्रकात काही नव्हतं. सहाव्या दिवशी पाध्येबाईंचा फोन आला. बाई कधी फोन करत नाहीत, बाटल्या परत पाठवतात. आवाजात नाराजी होती.

"उपळेकर, तुम्ही या खेपेला दोन कोऱ्या बाटल्या पाठवल्यात," त्या म्हणाल्या. "तीनदा लावून बघितलं. दोन्हींत काही म्हणजे काही नाही. नमुना कुठाय?"

मी त्यांना म्हणालो, बाई, त्यातली एक आमची मुलगी आहे. मग त्यांनी विचारलं, कुठली, म्हणजे तसं लिहिते.

बारसं बाराव्या दिवशी झालं. माळ्यावरचा पाळणा काढून घासूनपुसून खड्ड्याच्या तोंडावर टांगला, आणि खालून धारेचा आवाज त्यात भरून राहिला. तिन्ही सुना आल्या होत्या. गावच्या विहिरीचं पाणीही तपासून आलं होतं, ते निर्मळ होतं. खात्यानं बाळाला नाव दिलं, निरीक्षण विहीर क्रमांक तीन-अ. काकींनी वाकून पाण्याच्या कानात दुसरं एक सांगितलं, ते त्यांनी कुणालाच कळवलेलं नाही, आणि मी विचारलेलंही नाही. कान मात्र दोन्ही उत्तम आहेत. खड्ड्यात कुणी कुजबुजलं तरी धार क्षणभर थांबते.

नव्या टाकीचं काम पलीकडच्या कोपऱ्यात सुरू झालंय, दुहेरी पत्र्याची, काकींनी स्वतः पसंत केलेली. फळा अजून तिथेच आहे. फक्त 'बाळंतपणासाठी' खाली कुणीतरी 'मुलगी झाली' असं लिहिलंय.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी मी एसटीनं गेलो, डोक्याला तेल न लावता. चौघींचे नमुने घेतले आणि पाचवीचाही. तक्ता भरताना शेवटच्या रकान्यापाशी आलो, 'नमुना घेणाऱ्याचे विहिरीशी नाते'. तिथे लिहिलं, 'मामा'. अकरा वर्षं 'नाही' लिहिल्यामुळे तक्ता उलटायची वेळच आली नव्हती, पण खाली बारीक अक्षरांत 'नाते असल्यास मागे पाहावे' असं छापलेलं होतं. मी तक्ता उलटला. मागे एकच ओळ होती, 'भेटीस जाताना काय नेले?' मी लिहिलं, झबलं एक, टोपडं एक, तीन वेळा धुतलेलं, बिनवासाचं.